पत्राला पहारा, नोंदीला मोकळी वाट

गुन्हेगाराचा शोध घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे आणि त्या कामी नागरिकांनी व व्यापारी संस्थांनी त्यांना साहाय्य करावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्याला पकडले तोच गुन्हेगार आहे किंवा कसे, याची खातरजमा करणे हेही त्याच कर्तव्याचे अंग होय. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या आपल्या ग्राहकांच्या नोंदी पोलिसांच्या हवाली कोणत्या रीतीने करतात, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो आता घराघराचा झाला आहे. उदगीरच्या बाजार समितीतील अडत्या, डाळ गिरणीचा मुनीम, महाविद्यालयातील विद्यार्थी, पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेल्या मुलाशी रात्री बोलणारी आई, या सर्वांच्या दिवसभराच्या हालचालींची नोंद कोठल्या तरी कंपनीच्या दप्तरात होत असते. ते दप्तर कोणी, कोणाच्या हुकमाने आणि किती काळजीपूर्वक उघडावे, याचा विचार आपण आजवर केलेला नाही. तो न केल्यास काय घडते, हे याच महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे.

३१ ऑगस्ट २००७ रोजी पुण्याच्या पोलिसांनी बंगळूर येथे जाऊन एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुट या त्या काळी लोकप्रिय असलेल्या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारे चित्र टाकल्याचा आरोप त्याच्यावर होता. महाराजांची विटंबना ऐकून ज्याचे रक्त तापणार नाही असा मराठी माणूस विरळा, आणि अपराध्याला शासन व्हावे ही मागणी स्वाभाविकच होती. पोलिसांनी रीतीप्रमाणे तपास केला. ज्या जोडणीवरून चित्र टाकले गेले तिचा क्रमांक मिळवला आणि ती जोडणी कोणाची, असे एअरटेल कंपनीस विचारले. कंपनीने एक नाव व एक पत्ता दिला. त्या पत्त्यावरचा मनुष्य पुण्यास आणून येरवड्याच्या कारागृहात ठेवण्यात आला. तेथे तो पन्नास दिवस होता. पुढे निष्पन्न झाले ते असे की, कंपनीने दिलेला तपशील भलत्याच ग्राहकाचा होता! खरे संशयित हाती लागल्यानंतरही या निरपराध तरुणाची सुटका होण्यास सुमारे तीन आठवडे लागले, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. कंपनीने झाल्या प्रकाराबद्दल दुःख व्यक्त केले. तरुणाने कंपनीस व शासनास नोटीस देऊन वीस कोटी रुपयांची भरपाई मागितली. परंतु पन्नास दिवसांचा तुरुंग आणि महाराजांची निंदा करणारा असा कपाळी बसलेला शिक्का, यांची किंमत कोणत्या कोटीने भरून निघणार?

ही चूक कशी होऊ शकते, हे समजून घेण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. इंटरनेटच्या जोडणीस आयपी अ‍ॅड्रेस नावाचा एक क्रमांक असतो. पुष्कळांची समजूत अशी की, हा क्रमांक दूरध्वनीच्या क्रमांकासारखा ज्याचा त्याचा कायमचा असतो. तसे ते नाही. सामान्य ग्राहकाला तो धर्मशाळेतील खोलीसारखा मिळतो. सकाळी एका प्रवाशाकडे असलेली खोली सायंकाळी दुसऱ्याकडे असते. त्यामुळे खोलीचा नंबर सांगून भागत नाही; कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेस, हे सांगावे लागते. त्यातही परदेशी कंपन्यांच्या नोंदी अनेकदा ग्रिनिचच्या वेळेनुसार असतात आणि आपले घड्याळ त्यापुढे साडेपाच तास चालते. पहाटेचे साडेचार आणि दुपारचे साडेचार यांत घोळ झाला, किंवा हे साडेपाच तास मिळवण्याचे राहून गेले, की खोली तीच राहते पण माणूस बदलतो. शाळेच्या हजेरीपटात एक ओळ खाली सरकली तर गैरहजर मुलगा हजर ठरतो. तेथे फार तर एका दिवसाच्या हजेरीचा प्रश्न असतो. येथे ओळ सरकली तर माणूस कारागृहात जातो.

त्या घटनेस इतकी वर्षे झाली, आता यंत्रे सुधारली आहेत, असे कोणी म्हणेल. यंत्रे सुधारली हे खरे, पण त्याबरोबर गुंताही वाढला आहे. क्रमांकांचा तुटवडा असल्यामुळे अनेक कंपन्या एकच क्रमांक एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. म्हणजे खोली एक आणि प्रवासी अनेक, तेही एकाच घटकेस! अशा वेळी पोर्ट या नावाचा आणखी एक आकडा कळल्यावाचून नेमका ग्राहक सांगता येत नाही. तो आकडा पोलिसांच्या पत्रात नसेल तर कंपनीने नाव देऊच नये, हे उघड आहे. आणि ग्राहक सापडला म्हणून तरी माणूस सापडला काय? लातूरच्या शिकवण्यांसाठी मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले येतात. एका घरात आठ-दहा मुले भाड्याने राहतात, जोडणी असते घरमालकाच्या नावावर आणि वापरतात सगळे. उद्या त्यातील एखाद्याने काही आगळीक केली तर कंपनीच्या दप्तरात नाव निघेल ते घरमालकाचे, आणि पहाटे दार वाजेल तेही त्याचेच. जोडणीचा मालक हा तपासाचा आरंभ असू शकतो. तो तपासाचा शेवट मानणे म्हणजे ज्याच्या आवारात चोर शिरला त्यालाच चोर ठरवणे होय.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आमच्या मते सर्वांत आश्चर्याची गोष्ट येथेच आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमानुसार, तपासासाठी आवश्यक वाटणारे कोणतेही कागदपत्र अथवा इलेक्ट्रॉनिक संदेश हजर करण्यास पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आज्ञा देऊ शकतो. मात्र त्याच कलमात एक अपवाद आहे. टपाल खात्याच्या ताब्यात असलेले पत्र, पोस्टकार्ड किंवा पार्सल यांना ही आज्ञा लागू होत नाही. त्यासाठी पुढचे ९५ वे कलम पाहावे लागते. त्यानुसार असे पत्र हवे असेल तर जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय अथवा उच्च न्यायालय यांचाच हुकूम लागतो. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकालादेखील असा हुकूम येईपर्यंत पत्र शोधून अडवून ठेवण्यापलीकडे अधिकार नाही. अर्थ असा की, उदगीरच्या टपाल कचेरीत पडलेले दोन ओळींचे पोस्टकार्ड, जे वाटेत कोणीही वाचू शकतो, ते तपासासाठी मिळवायचे तर वरिष्ठांच्या दाराशी जावे लागते. मात्र ज्या दप्तरात एका कुटुंबाच्या वर्षा-दोन वर्षांच्या हालचाली लिहिलेल्या आहेत, ते उघडण्यास ठाण्याच्या अधिकाऱ्याची सही पुरते!

हा अपवाद नवा नाही. १८९८ सालच्या, इंग्रजी अंमलातील फौजदारी संहितेतही तो होता आणि त्यात टपालाबरोबर तारखात्याचाही समावेश होता. परक्या सरकारने आणीबाणीच्या नावाखाली पत्रे फोडण्याचे अधिकार अन्य कायद्यांनी स्वतःकडे ठेवले होते, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु नित्याच्या गुन्ह्याच्या तपासात प्रजेचे पत्र व प्रजेची तार यांमध्ये आणि पोलिसांमध्ये दंडाधिकारी उभा असावा, इतके त्यानेही मान्य केले होते. १९७३ च्या संहितेने तेच कायम केले. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. त्यानंतर दहा वर्षांनी नवी संहिता लिहावयास बसलेल्या आमच्या कायदेकर्त्यांना सुवर्णसंधी होती. तार गेली, तिच्या जागी इंटरनेट आले. म्हणून ‘तार’ हा शब्द खोडून तेथे ‘इंटरनेट’ लिहिणे एवढेच करावयाचे होते. त्यांनी पहिले अर्धे काम केले आणि दुसरे तसेच सोडले. तार हा शब्द गेला. तिच्या वारसाला मात्र पहारा मिळाला नाही. एवढेच नव्हे तर ९४ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक संदेशांचा नामनिर्देश करून ठाण्याच्या अधिकाऱ्याचा हात अधिक लांब केला.

यावर असे सांगितले जाते की, पोलीस संभाषण थोडेच ऐकतात, ते केवळ नोंदी मागतात. नोंदीत लपवण्यासारखे काय असते? हा युक्तिवाद भाबडा आहे. एखाद्याने कोणाशी, किती वाजता, किती वेळ आणि कोठून संपर्क साधला, हे कळल्यावर शब्द ऐकण्याची गरजच उरत नाही. रात्री अकराला कर्करोगाच्या डॉक्टरशी, सकाळी वकिलाशी आणि दुपारी सावकाराशी झालेला संपर्क एका रांगेत मांडला की घराची कहाणी आपोआप वाचता येते. कार्यालयातील भ्रष्टाचाराची माहिती वृत्तपत्रास देणारा कारकून त्याच्या शब्दांनी नव्हे, तर संपर्काच्या नोंदीनेच उघडा पडतो. आणि या नोंदी अल्पकाळ टिकतात असेही नाही. २०२१ च्या डिसेंबरात दूरसंचार परवान्याच्या अटीत बदल करून त्या किमान दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घालण्यात आले.

संभाषण चोरून ऐकण्याच्या बाबतीत निदान काही कुंपण आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना, असा हुकूम सामान्यतः गृहसचिवानेच द्यावा आणि त्याचे परीक्षण समितीने करावे, असे ठरवून दिले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईतील एका व्यावसायिकाचे दूरध्वनी ऐकण्याचे तीन हुकूम रद्द ठरवले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास फर्मावले. हुकूम गृहखात्याचा असला तरी तो न्यायालयाच्या कसोटीला उतरला पाहिजे, हा त्या निकालाचा मथितार्थ. परंतु नोंदींच्या बाबतीत असे कुंपण जवळजवळ नाहीच.

कुंपण नसले की काय होते? २०१३ साली दिल्लीत राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या दूरध्वनीच्या नोंदी मिळवल्याच्या आरोपावरून पोलीस दलातील एका शिपायासच अटक झाली. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ई-मेलचा उपयोग करून ही मागणी कंपनीकडे केली गेल्याचा आरोप होता. त्यानंतर केंद्रीय गृहखात्याने, अधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने दूरध्वनीच्या नोंदी मागू नयेत, अशी सूचना काढली. सूचना चांगली होती. तरीही २०१८ च्या आरंभी ठाण्याच्या पोलिसांनी अशाच नोंदींचा चोरटा व्यापार उघडकीस आणला आणि त्यात खासगी गुप्तहेरांना अटक केली. देशाच्या संसदेतील नेत्याच्या नोंदी जेथे सुरक्षित नाहीत, तेथे देवणी-जळकोटच्या शेतकऱ्याच्या नोंदींची काय कथा! खात्याची सूचना ही खात्याच्या सोयीची असते. नागरिकाला हक्क देतो तो कायदाच.

कंपन्यांना तरी सर्वस्वी दोष कसा द्यावा? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखालील हुकमास साहाय्य नाकारले तर सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. माहिती दिली तर कोणी जाब विचारत नाही, न दिली तर तुरुंग. मग कंपनीचा कारकून कोणता मार्ग पत्करील हे सांगावयास ज्योतिषी नको. मोठ्या कंपन्यांकडे निदान कायदेपंडितांचा ताफा असतो. आमच्याकडे केबलच्या तारेवरून इंटरनेट देणारे लहान व्यावसायिक आहेत. ठाण्यातून निरोप आला की ‘साहेबांनी मागितले’ एवढ्यावरच वही पुढे करण्याची वेळ त्यांच्यावर येऊ शकते. त्यांनी निरोपावर नव्हे तर लेखी आज्ञेवरच माहिती द्यावी आणि त्या आज्ञेची प्रत जपून ठेवावी, एवढे तरी त्यांना कोणी शिकवले आहे काय?

आणि ज्याची माहिती दिली जाते, त्याला याचा पत्ताही लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती कोणाकोणाला दिली हे विचारण्याचा अधिकार नागरिकास दिला. परंतु गुन्ह्याच्या तपासासाठी लेखी मागणीवरून जी माहिती दिली जाते, ती त्यातून वगळली. तपास चालू असताना संशयिताला सावध करू नये, हे आम्हांस मान्य आहे. पण तपास संपल्यावर, आरोप खोटा ठरल्यावर, वर्षे लोटल्यावरही न सांगण्याचे प्रयोजन काय? बंगळूरच्या त्या तरुणाला कंपनीची चूक कळली, कारण त्याला अटक झाली. ज्यांची माहिती चुकून दिली गेली पण अटक झाली नाही, त्यांना ती कधीच कळणार नाही.

समाजालाही काही कळत नाही. गूगल ही परदेशी कंपनी २०१० पासून कोणत्या देशाच्या सरकारने किती वेळा माहिती मागितली आणि किती वेळा दिली गेली याचे आकडे प्रसिद्ध करते. मागणी करणाऱ्या देशांत भारताचे स्थान वरचे असते. व्होडाफोन कंपनीने २०१४ च्या जूनमध्ये एकोणतीस देशांचा असा अहवाल काढला, तेव्हा संभाषण ऐकण्यासंबंधीचे आकडे देण्यास कायद्याची मनाई असलेल्या देशांत तिने भारताची गणना केली. आकडा सांगितल्याने कोणता चोर पळून जातो, हे आम्हांस उमगलेले नाही. जिल्ह्यात किती खून झाले, किती दरोडे पडले हे पोलीस दरवर्षी सांगतात. किती नागरिकांची दप्तरे उघडली हेही सांगता येईल.

या सर्वांवर एक उत्तर नेहमी पुढे केले जाते, आणि त्याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. आज निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी एका दूरध्वनीने लुटली जाते. ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून वृद्धांना नागवले जाते. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, पण पैसे मिनिटामिनिटाला या खात्यातून त्या खात्यात पळत असतात. अशा वेळी दंडाधिकाऱ्याची सही आणावयास पोलिसांना धावायला लावले तर चोर निसटेल, असे म्हणतात. हे म्हणणे खोटे नाही. परंतु त्यावर उपाय आहे. जीव धोक्यात असेल, मूल हरवले असेल किंवा पैसा पळत असेल, तेव्हा पोलिसांनी तत्काळ माहिती घ्यावी आणि दोन दिवसांत दंडाधिकाऱ्याची मान्यता मिळवावी. न मिळाल्यास माहिती नष्ट करावी. अपवादासाठी दार ठेवावे, पण त्या दाराला राजमार्ग करू नये. शिवाय घाईत चुकीचे नाव हाती आले तर खरा चोर अधिकच सुखाने निसटतो, हे पुण्याच्या प्रकरणाने दाखवले आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, आयपी क्रमांकामागील ग्राहकाचे नाव पोलिसांनी न्यायालयीन परवानगीविना मागू नये, असा निकाल दिला; २०२४ मध्ये त्याने पुढे जाऊन क्रमांकालाही तेच संरक्षण दिले. त्यामुळे तेथील तपासयंत्रणा कोलमडून पडली असे ऐकिवात नाही.

म्हणून आमचे मागणे थोडके व स्पष्ट आहे. पहिले, संहितेच्या ९५ व्या कलमात टपालाबरोबर इंटरनेट व दूरसंचार यांच्या नोंदींचा समावेश करावा. दुसरे, मागणीपत्राचा एक ठरीव नमुना असावा आणि त्यात दिनांक, भारतीय वेळ, सकाळ की सायंकाळ, पोर्ट क्रमांक व गुन्ह्याचा नोंद क्रमांक नसेल तर कंपनीने ते परत पाठवावे. तिसरे, कंपनीत एकाने काढलेला तपशील दुसऱ्याने पडताळल्याशिवाय तो बाहेर जाऊ नये. चौथे, केवळ अशा नोंदीच्या आधारे, अन्य पुराव्यावाचून कोणासही अटक करू नये. पाचवे, तपास संपल्यावर ग्राहकाला कळवावे आणि वर्षातून एकदा मागण्यांचे आकडे प्रसिद्ध करावेत. सहावे, चुकीच्या तपशिलामुळे ज्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले, त्याला कंपनी व शासन यांनी वर्षानुवर्षे खेटे घालावयास न लावता भरपाई द्यावी. यांतील दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गोष्टीस तर संसदेचीही वाट पाहण्याचे कारण नाही. लातूर व नांदेडच्या पोलीस अधीक्षकांनी आपल्या ठाण्यांना एक परिपत्रक काढले आणि कंपन्यांनी शिस्त लावून घेतली, तर ही सुधारणा येत्या महिन्यापासून अंमलात येऊ शकेल.

मराठवाड्याला हा विषय परका वाटू नये. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी याच भूमीवर, सभा भरवण्यासाठीही सरकारची परवानगी मागावयास लावणारे गश्ती निशाण ५३ प्रजेच्या मानेवर होते. कोण कोणाला भेटतो आणि कोण कोणाला काय लिहितो, याची चौकशी हाच ज्या सत्तेचा स्वभाव होता, तिच्याविरुद्ध आमच्या वडीलधाऱ्यांनी लढा दिला. आजचे राज्य लोकांचे आहे आणि आजचे पोलीस लोकांचेच रक्षक आहेत, हा फरक आम्ही पुरता जाणतो. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षा अधिक आहे. लोकराज्यात पोलिसाला दार उघडण्याचा अधिकार असतो, तो कायद्याने दिलेल्या किल्लीने. ती किल्ली न्यायासनापाशी असावी, ठाण्याच्या टेबलावर पडलेली नसावी. आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न विधिमंडळात व संसदेत न्यावा, आणि वाचकांनी त्यांना तसे करावयास लावावे. पन्नास दिवस निरपराध मनुष्य कोठडीत बसतो, तेव्हा तुरुंगात तो एकटाच नसतो. कायद्यावरील सर्वांचा विश्वासही त्याच्याबरोबर कोठडीत बसलेला असतो.